जाण्याआधी विचारलेले बरे

मी चिमूरला शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे आणखी एक काम आपोआप चालत आले, ते म्हणजे मोहल्ल्यातले कागद वाचून देणे. बँकेची नोटीस, तहसीलचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, लग्नाची उर्दू पत्रिका. कोणी दारात उभे राहून म्हणते, "बाजी, जरा एवढं पाहून द्या." अलीकडे या कागदांत पासपोर्ट आणि व्हिसाचीही भर पडली आहे.

आमचे गाव जंगलाच्या काठचे. १९४२ च्या क्रांतीमुळे चिमूरचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आले. आता बाहेरचे लोक आमचे गाव ओळखतात ते ताडोबाच्या वाघांमुळे. हंगामात कोलारा गेटकडे जाणाऱ्या गाड्यांत परदेशी पाहुणे दिसतात. मुले त्यांना हात दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन माझ्यावर प्रश्नांचा मारा करतात. भिंतीवर जगाचा नकाशा आहे, तो काठीने दाखवता दाखवता तास संपून जातो.

"मॅडम, आपल्याकडे सकाळचे दहा वाजले की दुबईत किती वाजतात?" साडेआठ. मक्का-मदिनेत साडेसात. "मॅडम, आपली मराठी दुसऱ्या कोणत्या देशात बोलतात का?" मॉरिशसमध्ये मराठी माणसांच्या पिढ्या नांदल्या आहेत, हे ऐकून मुलांना फार नवल वाटते. एकदा पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "नॉर्वेत उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही असं पुस्तकात आहे. मग तिथले लोक रोजा कधी सोडतात?" मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. घरी येऊन आधी माहिती काढली. नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहरात मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य खरोखरच मावळत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी रमजान जून-जुलैत आला, तेव्हा तिथल्या मुसलमानांपुढे हाच प्रश्न होता. काही उलेमांनी मक्केच्या वेळेप्रमाणे रोजा धरायला सांगितले, तर काहींनी जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र होते तिथली वेळ पाळायला. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितले. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांनीपण कोणाला तरी विचारलंच ना!"

पोरीचे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. कारण मोठ्या माणसांना परदेशाविषयी प्रश्न पडत नाहीत असे नाही, पण ते विचारायचे कोणाला, हे त्यांना कळत नाही. आणि विचारायचे धाडस झालेच, तर फार उशीर झालेला असतो.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, जहाजाने हजला गेले होते. तेव्हा आमच्याकडून हजला जाणे म्हणजे मोठी गोष्ट. इथून नागपूर, तिथून रेल्वेने मुंबई, मुंबईत मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग जेद्दापर्यंत आठवड्याहून जास्त दिवसांचा समुद्रप्रवास. (भारतातून जहाजाने हजला जाणे १९९५ नंतर बंदच झाले. आता तर आपल्या नागपूरहूनच हजचे विमान उडते.) अम्मी सांगायची, निघण्याच्या महिनाभर आधीपासून दादा रोज संध्याकाळी एकेका घरी जात. किराणावाल्या शेठचे राहिलेले पैसे दिले. ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले होते, त्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "काही चुकलं असेल तर माफ कर. जातो आहे, येईन की नाही माहीत नाही." कोणाचे देणे डोक्यावर ठेवून त्या प्रवासाला निघायचे नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आणि परत आल्यावर दोन महिने आमचे अंगण रिकामे राहिले नाही. हिंदू-मुसलमान सगळे येत. जमजमचे पाणी, खजूर आणि प्रश्न. दादा सगळे खरे सांगत. बोटीवर चार दिवस ओकाऱ्या झाल्या, हेही सांगत. गर्दीत चप्पल हरवली आणि तापलेल्या फरशीवर पाय भाजले, हेही सांगत. मिनाच्या तंबूत एका रात्री घरच्या आठवणीने रडू आले, हेसुद्धा. अम्मी म्हणायची, त्यांच्यानंतर आमच्या मोहल्ल्यातून जे दोघे हजला गेले, ते अर्धे हज इथे अंगणातच शिकून गेले.

आज उमरा किंवा हजला निघालेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा मला दादांची आठवण होते. त्या आधी फॉर्मचे विचारतात. मग शेजारची बाई उठून गेली की हळूच खरे प्रश्न विचारतात. गुडघे दुखतात, तवाफ चाकाच्या खुर्चीवरून चालतो का? मासिक पाळीचे दिवस आले तर काय करायचे? तिथले संडास कसे आहेत? हरवले तर कोणाला काय सांगायचे? नवरा गेला, मुलगा नाही, मग एकटी बाई जाऊ शकते का? या शेवटच्या प्रश्नाला आता उत्तर आहे. २०१८ पासून हज कमिटीने पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय, गट करून जाण्याची वाट मोकळी केली. मसल्याच्या प्रश्नासाठी मी त्यांना आलिमांकडे पाठवते. बाकीच्या प्रश्नांसाठी मात्र नुकतीच जाऊन आलेली बाई शोधून देते आणि सांगते, "हिच्याजवळ बसा. लाजू नका. सगळं विचारा."

हज-उमऱ्याच्या बाबतीत आम्ही विचारतो. पण रोजगारासाठी आखाती देशात जाताना मात्र विचारत नाही. आणि यात माझाही दोष आहे, म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा दहावीला गणितात राहिला. पुन्हा बसला, पुन्हा राहिला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा बहीण माझ्याकडे आली. म्हणाली, "तू शिकवतेस, तूच सांग. बसवू का परत?" मी त्या दिवशी शाळेतून दमून आले होते. मी म्हणाले, "आपा, कशाला अजून एक वर्ष घालवता? तो वायरिंगचं काम छान करतो. बाहेर गेला तर कमवेल. तिकडे गणित कोण विचारतं?"

हे मी म्हणाले. बी.एड. झालेली शिक्षिका म्हणाली.

त्याचा पासपोर्ट आला, तेव्हा त्यावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असे छापलेले होते. आम्हाला वाटले, सगळ्यांच्याच पासपोर्टवर असते. त्याचा अर्थ मी फार नंतर समजून घेतला. १९८३ च्या कायद्याप्रमाणे, जो दहावी पास नाही आणि सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया अशा ठरावीक अठरा देशांत नोकरीला निघाला आहे, त्याच्या नोकरीची कागदपत्रे सरकार आधी तपासते. मालक कोण, पगार किती, करार काय, हे पाहून 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी परवानगी देतो. तोवर विमानतळावरून त्याला नोकरीसाठी जाता येत नाही. म्हणजे तो शिक्का अपमानाचा नाही. कमी शिकलेल्या माणसाला कोणी फसवू नये म्हणून तो ठेवला आहे.

पण ज्याला फसवायचे असते, त्याने यातून पळवाट काढलेली असते. तो नोकरीचा व्हिसा काढतच नाही. फिरायला जाण्याचा, म्हणजे व्हिजिट व्हिसा काढतो. फिरायला जाणाऱ्याची नोकरी कोण तपासणार? "आधी जाऊ दे, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ," असे एजंट सांगतो.

भाच्याच्या बाबतीत हेच झाले. जानेवारी २०२४ मध्ये तो मुंबईहून दुबईला गेला. एजंटने एक लाख दहा हजार घेतले. बहिणीच्या बांगड्या गहाण पडल्या, भिशीचे पैसे गेले, उरलेले व्याजाने काढले. व्हिसाचा कागद तो निघण्याच्या आदल्या रात्री मला दाखवायला आला होता. मी पाहिला, वाचला नाही. फोटो त्याचा, नाव बरोबर, शिक्का आहे. मी म्हणाले, "माशाअल्लाह, जा. अल्लाह बरकत देवो." कागद वाचून देण्याचा मला मोठा मान होता ना मोहल्ल्यात!

तिथे त्याला वायरिंगचे काम मिळाले नाही. गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम होते. पहिले दोन महिने थोडा पगार मिळाला. तोवर व्हिजिट व्हिसाची मुदत संपली. आता तो बेकायदा झाला होता. मुदत संपल्यावर तिथे दर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. पासपोर्ट मुकादमाकडे. तक्रार करायला जावे तर आपणच पकडले जाऊ, ही भीती. मालकालाही ते माहीत. मग पगार कधी मिळे, कधी नाही.

आम्हाला यातले काही कळले नाही. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल यायचा. मागे चकचकीत इमारती, काचेचे दरवाजे, दिव्यांची झगमग. "कसा आहेस?" "मजेत आहे, खाला." बहीण तो फोन शेजारणींना दाखवायची. परत आल्यावर एका रात्री गच्चीवर बसून त्याने सांगितले, की तो फोन करायला मुद्दाम चालत मोठ्या मॉलच्या दारापर्यंत जायचा. खोलीतून केला असता तर एका खोलीत बारा जण दिसले असते.

सुटला तो सरकारच्या माफीमुळे. अमिरातच्या सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात मुदत संपलेल्यांना दंड माफ करून परत जाण्याची मुभा दिली होती. कोणी केरळच्या माणसाने त्याला आपल्या वकिलातीचा रस्ता दाखवला. तिथे पासपोर्टऐवजी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळाले आणि नोव्हेंबरात तो घरी आला. अंगावर एक जॅकेट आणि हातात पिशवी. अल्हम्दुलिल्लाह, पोर सुखरूप आले. पण बांगड्या अजून गहाणच आहेत. तो आता इथे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला जातो आणि महिन्याचे हप्ते फेडतो.

घरात आम्ही या गोष्टीवर बोलणे बंद केले. लोक विचारत, "काय रे, परत का आलास?" तो म्हणायचा, "तब्येत मानवली नाही." आम्हीही तेच म्हणायचो. इज्जतीचा प्रश्न होता.

मग गेल्या हिवाळ्यात एक दिवस असरनंतर दारावर एक बाई आली. तिचा मुलगा माझ्या वर्गात आठवीपर्यंत होता, नंतर गवंड्याच्या हाताखाली लागला. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पदराच्या गाठीतून तिने घडी केलेला कागद काढला. "बाजी, पोराचा दुबईचा व्हिसा आला. एवढं वाचून द्या. काम पक्कं आहे ना? वीस हजार दिले, उरलेले निघायच्या दिवशी द्यायचे आहेत."

या वेळी मी चष्मा लावला. इंग्रजी मजकूर बारीक होता, पण शेजारी अरबी होती. मला अरबी बोलता येत नाही, पण अक्षरे उर्दूचीच असल्याने वाचता येते. त्यात एक शब्द होता, 'जियारा'. आपला जियारत. आपल्या बोलीत जियारत म्हणजे पाक ठिकाणी दर्शनाला जाणे. अरबीत त्याचा अर्थ नुसता भेट, मुलाखत. कामाला तिथे 'अमल' म्हणतात. आपण अमल म्हणतो ते माणसाच्या कर्माला. मी सगळा कागद दोनदा वाचला. अमल कुठेच नव्हते.

मी तिला म्हणाले, "हा कामाचा व्हिसा नाही. हा भेटीचा आहे."

"म्हणजे काय झालं? एजंट म्हणतो तिथे गेल्यावर करून देतो. तुमच्या बहिणीचा मुलगापण असाच गेला होता ना?"

मला काही बोलता येईना. इतके दिवस आम्ही गावाला सांगत आलो होतो की तब्येत मानवली नाही. आमची इज्जत वाचली होती आणि त्याची किंमत आता ही बाई भरायला निघाली होती.

मी तिला मुलाला घेऊन मगरिबनंतर यायला सांगितले आणि बहिणीकडे गेले. भाच्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खाला, लोक हसतील." बहीणही म्हणाली, "कशाला उगाच? आपलं झालं ते झालं." मी म्हणाले, "आपा, पहिली चूक माझी आहे. गणित सोडून दे असं मीच म्हणाले होते. कागदही मीच न वाचता दिला. ते आज मी त्यांच्यासमोर सांगणार आहे. तू आलास तर बरं, नाही आलास तर मी एकटी सांगेन."

तो आला. आमच्या पुढच्या खोलीत बसून त्याने त्या मायलेकांना सगळे सांगितले. बारा जणांची खोली, गोदाम, पासपोर्ट, मॉलच्या दारातले फोन. मधे एकदा त्याचा आवाज बसला, तेव्हा माझ्या नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग मी माझे सांगितले.

त्या मुलाला मी म्हणाले, "तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. एजंटला फोन लाव आणि मी सांगते ते प्रश्न विचार." त्याने लावला. पहिला प्रश्न, तुमचा नोंदणी क्रमांक काय? समोरून उत्तर आले, "कोणी शिकवलं तुला हे?" दुसरा प्रश्न विचारायच्या आत फोन बंद झाला. आठवड्याने एका ओळखीच्या माणसाच्या हातून पासपोर्ट परत आला. वीस हजार आले नाहीत.

तो मुलगा माझ्यावर रागावला. कित्येक दिवस रस्त्यात दिसला तरी सलाम करत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोरून एक स्वप्न मी काढून घेतले होते आणि बदल्यात काही दिले नव्हते. त्याचा राग मला समजतो. इथे धानाचा हंगाम संपला की हाताला काम नाही, जंगलाच्या पर्यटनात सगळ्यांना जागा नाही. मुले बाहेर पाहणारच. हलाल कमाईसाठी दूर देशी जाणे यात काहीच वाईट नाही. आपल्या कोकणातल्या मुसलमानांची घरे पिढ्यान् पिढ्या आफ्रिका, कुवेत, सौदीच्या कमाईवर उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची शंभराहून जास्त वर्षांची वस्ती आहे. बी.एड. ला माझ्यासोबत रत्नागिरीकडची एक मैत्रीण होती. ती सांगायची, तिच्या गावात मुलगा निघाला की घरचे आधी विचारतात, कोणती कंपनी, कॅम्प कुठे, तिथे आपले कोण आहे. तिकडे विचारायला चुलता आहे, मामा आहे, शेजारी आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत तसे कोणी नाही. जिथे विचारायला आपला माणूस नसतो, तिथे एजंटच चुलता होतो आणि तोच मामा होतो.

म्हणून त्या हिवाळ्यात मी एका वहीत प्रश्न लिहून काढले. जो येईल त्याला ते उतरवून देते. वाचकांच्या घरातही कोणी निघायच्या तयारीत असेल, म्हणून इथे देते.

पहिला प्रश्न, व्हिसावर काय लिहिले आहे, काम की भेट? उर्दू वाचता येणाऱ्या कोणालाही अरबीतला शब्द शोधायला सांगा.

दुसरा, एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. नाव नसेल तर बोलणे तिथेच थांबवा.

तिसरा, फी किती? नोंदलेल्या एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागा. लाख मागणारा माणूस पावती देत नाही.

चौथा, करार कोणत्या भाषेत आहे? अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव अरबी-इंग्रजीसोबत उर्दू आणि हिंदीतही मिळण्याची सोय आहे. आपल्या भाषेत वाचल्याशिवाय सही करू नका.

पाचवा, पगारातून काय काय कापले जाईल? आपण रियाल किंवा दिरहमला रुपयाने गुणतो आणि खूश होतो. खोली कोणाची, जेवण कोणाचे, आजारी पडलो तर दवाखाना कोणाचा, हे विचारून मग गुणाकार करा. माझा भाचा आता हसून म्हणतो, "खाला, गणित तिकडेच विचारतात."

सहावा, पासपोर्ट कोणाजवळ राहील? भारताचा पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो आपल्याकडे दाबून ठेवणे अमिरात आणि सौदीच्या कायद्यातही बसत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची एकेक झेरॉक्स घरी आईजवळ असू द्या.

सातवा, विमा काढला का? ज्यांच्या पासपोर्टवर तो शिक्का आहे, त्यांना परवानगी घेताना प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. हप्ता काही शे रुपयांचा आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर संरक्षण १० लाखांचे. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला हे मिळत नाही.

आठवा प्रश्न आयांसाठी. सामानात काय भरले आहे? आपण मायेने मसाला भरतो, त्यात खसखस असते. अमिरात आणि सौदीत खसखस चालत नाही. अफूच्या झाडाचे बी म्हणून ती अमली पदार्थांत धरतात आणि माणूस तुरुंगात जाऊ शकतो. दुखण्याच्या काही गोळ्या आणि खोकल्याची काही औषधे यांचेही तसेच. डॉक्टरची चिठ्ठी आणि आधी चौकशी केल्याशिवाय औषध नेऊ नये. आणि "एवढं पाकीट माझ्या भावाला द्या" असे कोणी म्हटले, तर ते कितीही जवळचे असोत, उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. राग आला तर येऊ द्या.

नववा प्रश्न कागदावर नसतो. डोक्यावर किती देणे ठेवून निघतो आहोत? दादा देणे फेडून निघाले होते. आपली मुले देणे करून निघतात. व्याजाचा पैसा घेऊन हलाल कमवायला जायचे, हा कसला हिशेब? ज्याच्या डोक्यावर लाखाचे कर्ज आहे, तो वाईट मालकाला सोडून परत येऊ शकत नाही. कर्ज त्याला तिथेच बांधून ठेवते.

आणि एक गोष्ट परत आलेल्यांसाठी. तुम्हाला तिथे चांगले दिवस मिळाले असतील तर ते जरूर सांगा. चांगले मालक असतात, वेळेवर पगार देणाऱ्या कंपन्या असतात, घरे उभी राहतात, बहिणींची लग्ने होतात. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम घ्यायला त्या देशांत बंदी आहे, हेही खरे. पण वाईट झाले असेल तर तेही सांगा. 'तब्येत मानवली नाही' म्हणू नका. तुमच्या गप्प बसण्याने दुसऱ्या कोणाच्या तरी बांगड्या गहाण पडतात.

माझ्या भाच्याने त्या रात्रीनंतर तब्येतीचे कारण सांगणे सोडले. दुकानात कोणी विचारले तर तो काम करता करता सगळे सांगतो. लोक हसतील म्हणून तो घाबरला होता. अजून तरी कोणी हसले नाही. आजूबाजूच्या गावांतून तीन-चार मुले आपले कागद घेऊन त्याच्याकडे येऊन गेली. त्यांतल्या एकाचा कागद खरा निघाला. कामाचा व्हिसा, नोंदलेला एजंट, उर्दूतला करार. तो रीतसर परवानगी घेऊन गेला. भाच्याने त्याला स्वतःचे जॅकेट दिले.

गणिताचा फॉर्मही भाच्याने भरला आहे. रात्री दुकानातून आला की तासभर माझ्याकडे बसतो. गणित माझा विषय नाही, पण मी त्याच्यासोबत पुस्तक उघडून बसते. दोघेही एकदम शिकतो आहोत.

परवा शाळा सुटल्यावर फाटकाजवळ तो गवंडीकाम करणारा मुलगा उभा होता. सलाम केला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, आठवी झालेल्याला घरी बसून दहावीची परीक्षा देता येते का?"

मी म्हणाले, "येते. सतरा नंबरचा फॉर्म असतो. उद्या शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ये."

तो मान हलवून निघाला. चार पावले गेल्यावर मागे वळून म्हणाला, "आणि दहावी झाल्यावर जायचं असेल तर?"

"तर वही माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "आधी विचार, मग जा."